गणिताच्या वर्गातली पाचवी

मॅरेन कोल्टरमनने बारावीला गणित सोडायचं ठरवलं, इथपर्यंत ठीक होतं. चूक एवढीच झाली की ते तिने शाळेत जाऊन सांगितलं. नेब्रास्कातल्या आमच्या टीचभर गावात शाळेत बोललेली गोष्ट दुपारच्या आत सगळ्यांच्या तोंडी असते.

तिचं कारण साधं होतं. तिला नर्सिंगला जायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं, आणि शिष्यवृत्ती गुणांच्या सरासरीवर होती. ती सरासरी अकरावीच्या गणितानेच पार काठावर आणून ठेवली होती.

"नर्सिंगला कॅल्क्युलस लागत नाही," कॉलेज प्रवेशाचं बघणाऱ्या ओल्टमन्स मॅडम म्हणाल्या. "पण शेवटच्या वर्षी गणित दिसलं की कॉलेजवाल्यांना बरं वाटतं."

"आणि त्यात दिवे लावलेले दिसले तर?"

"तर तेवढं बरं नाही वाटत." मॅडमनी चष्मा पुसला. "अडचण वेगळीच आहे गं. तुम्ही पाचच जण आहात. पाचाच्या खाली वर्ग चालत नाही."

त्याच संध्याकाळी शेजारच्या क्लेटनची आई घरी भाजलेला केक घेऊन हजर झाली. "मी काही सांगायला नाही आले," असं म्हणाली आणि पाऊण तास बोलली. "क्लेटनला इंजिनियर करायचंय. आता सगळं तुझ्या हातात आहे, बाई."

दुसऱ्या दिवशी फुटबॉल कोचची बायको आली. तिचीही मुलगी त्याच वर्गात होती, त्यामुळे नूडल्सचं भलं मोठं भांडं आलं. रविवारी पाद्रीबाबांनी कळपातून हरवलेल्या मेंढीवर प्रवचन दिलं आणि बोलताना मॅरेन बसली होती त्या चौथ्या बाकावरची नजर हलवली नाही.

"आई, मेंढी मी का?" मॅरेनने गाडीत विचारलं.

"तू कोणीही हो," तिची आई डार्ला म्हणाली. "पण काय ते लवकर ठरव. फ्रिजमध्ये आता जागा नाही."

मॅरेन त्या दिवशी मागच्या पायरीवर बसून रडली. तिला ती शिष्यवृत्ती जीव तोडून हवी होती. पण क्लेटन बालवाडीपासून तिच्या शेजारी बसलेला. त्याचं वर्ष आपल्यामुळे गेलं तर रोज त्याला तोंड कसं दाखवायचं? सोमवारी तिने जाऊन सांगितलं, राहते. गावाने सुटकेचा श्वास सोडला आणि केक-नूडल्स येणं बंद झालं.

ऑगस्टमध्ये वर्ग भरला. सेडलाचेक सरांनी विचारलं, "काय, खूश ना सगळे?"

"मी वेल्डिंग घेणार होतो, सर," क्लेटन खालमानेने म्हणाला. "पण ही माझ्यासाठी थांबली म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने सोडू?"

कोचची मुलगी क्लेटनसाठी थांबली होती. उरलेले दोघे, बाकीचे थांबलेत म्हणून. मॅरेनला भयंकर संताप आला.

सर टेबलाच्या कडेवर टेकले. "मी मे महिन्यात निवृत्त होणार होतो. तुमची ओढ बघून थांबलो." मग म्हणाले, "ज्यांना खरंच गणित हवंय, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सरांनी स्वतःचे हात खिशात घातले.

तेवढ्यात दार उघडलं. ओल्टमन्स मॅडम एका नव्या मुलीला घेऊन आल्या. "ही नोएमी. हिच्या वडिलांना दोन गावांत नोकरी मिळत होती. आपल्याकडे कॅल्क्युलस आहे म्हणून त्यांनी इथे घर घेतलं." एवढं सांगून मॅडम कौतुकाने हसत निघून गेल्या. दार उघडंच राहिलं.

क्लेटन मॅरेनच्या कानाशी वाकला. "सहा झालो. एकाला सुटता येईल. तूच जा, तुला गरज आहे."

बाकीच्यांनीही मान डोलावली. मॅरेनने दप्तर उचललं. किती दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. ती उठली, आणि नोएमीचा चेहरा खुलला.

"माझ्यासाठी उठलीस? बरं झालं, मागून मला फळा दिसत नाही." ती त्या खुर्चीत बसलीसुद्धा. मग हळूच म्हणाली, "मला गणित आवडतं. तुला अडलं तर सांग हं. मागच्या शाळेत कोणी विचारायचंच नाही."

मॅरेन दारापर्यंत गेली. तिथे ती थोडी उभी राहिली, मग तिने दार आतून लावून घेतलं आणि मागच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.