पगारेकाकांच्या दारातली चपलांची परेड

पगारेकाकांकडे टीव्ही बघायला जाताना एक वेळ अंघोळ केलेली नसली तरी चालायचं, पण चपला वेड्यावाकड्या काढलेल्या चालायच्या नाहीत. दारात खडूनं ओढलेली एक रेघ असे. त्या रेघेला टाचा लावून, जोडी जुळवून, तोंडं रस्त्याकडं करून चपला ठेवायच्या. एखादी जराशी कलली की आतून आवाज यायचा, "जैसे थे!" मग ती परत पायात घालायची, फाटकापर्यंत जायचं आणि पुन्हा येऊन नीट काढायची. मी पंचवटीतल्या एका शाळेत मास्तर. अख्खा वर्ग नजरेच्या धाकात ठेवणारा मी त्या फाटकाकडे मुकाट्यानं परत गेलेलो आहे.

काका मूळचे येवल्याकडचे. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नाशिकरोडला आमच्या शेजारी राहायला आले. नोकरीचा बराचसा काळ रंगरुटांना, म्हणजे नव्यानं भरती झालेल्या पोरांना, कवायत शिकवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर हाताशी रंगरूट उरले नाहीत, म्हणून त्यांनी आमची घरांची ओळ ताब्यात घेतली. चहा गोड झाला की ते काकूंनाही "जैसे थे" म्हणत. काकू तोच कप आत नेत, ओट्यावर घटकाभर ठेवत आणि तोच परत आणून देत. काका एक घोट घेऊन म्हणत, "शाब्बास."

चपला नुसत्या ओळीत लावून भागायचं नाही. काका एकेक उचलून बघायचे. टाच एका बाजूनं झिजलेली, पट्टा सुटायला आलेला असं काही दिसलं की मालकाची हजेरी घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, ही चप्पल तुम्हाला कळवणपर्यंत नेईल का?" मी म्हटलं, कळवणला चालत कशाला जाऊ, एसटी आहे की. त्यावर ते म्हणाले, "आणि एसटी नाय आली तर?" मी नवी चप्पल घेतली.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या ओळीत टीव्ही एकट्या काकांकडे. एका वर्षी रविवारी सकाळी एक मालिका लागायची. लढाई तोंडावर आलेली, आणि खेड्यापाड्यांतल्या पोरांना घाईघाईनं सैनिक करणारा एक कडक उस्ताद, अशी तिची गोष्ट. सारी ओळ लोटायची. पोरं सतरंजीवरच उजवा-डावा करायची. आजोबा मंडळी ब्रिटिशांच्या वेळची शिस्त आठवून उसासे टाकायची. पण खरी रंगत निकमवहिनींची. वहिनी सटाण्याच्या. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण राग आला की सटाणा बाहेर पडायचा. पडद्यावरच्या उस्तादानं कुणाला दरडावलं की वहिनी त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडायच्या. मग सगळे चोरून काकांकडे बघायचे. काका खुर्चीत ताठ बसलेले असायचे, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही.

एका रविवारी एका रंगरुटाच्या पायांना फोड आले. बूट काढले तर मोजे रक्तानं भिजलेले. पोरगा रडत होता आणि उस्ताद त्याला म्हणत होता, ऊठ, पळ. वहिनींचा बांध फुटला. "हाऊ माणूस नही," त्या ओरडल्या, "कसाई शे कसाई."

काका उठले आणि बाहेर निघून गेले. काकू शांतपणे म्हणाल्या, बघा तुम्ही, ते चपलांपाशी असतील. पण त्यानंतर मालिकेत कुणाचं लक्ष लागलं नाही.

संपल्यावर बाहेर आलो तर काका पायरीवर बसून वहिनींची चप्पल शिवत होते. तिचा पट्टा वहिनींनी कित्येक दिवस सेफ्टीपिनेवर भागवला होता. वहिनी ओशाळल्या, काका, मी तुम्हाला नाही बोलले, असं काहीतरी पुटपुटल्या. काका दाभण चालवतच राहिले.

"येवल्याचाच होता एक पोरगा," ते म्हणाले. "असेच फोड आले. रडाया लागला. माझ्या गावाकडचा, मला लय माया आली. म्हणलं, बस बेटा, आजच्या दिवस बस. दुसऱ्या दिवशीबी बसवलं, तिसऱ्यालाबी. त्याचे पाय कधी तयार झालेच नाय." त्यांनी दोरा दातानं तोडला. "पुढं लढाईत माघार घ्यायची वेळ आली. बाकीचे पळाले. त्याला पळता नाय आलं." चप्पल त्यांनी वहिनींच्या पायापाशी ठेवली. "त्या एका पोरापुरता मी कसाई झालो नाय, वहिनी."

इतकी वर्षं आम्ही ज्या रेघेला हसत होतो, तिच्याकडे त्या दिवशी मला बघवेना. वहिनी चप्पल पायात घालून घरी गेल्या.

पुढच्या रविवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. चपला रेघेवर ठेवल्या, जरा कललेल्या वाटल्या म्हणून स्वतःच फाटकापर्यंत जाऊन आल्या आणि पुन्हा ठेवल्या. मालिका सुरू झाली. तोच रंगरूट लंगडत होता, उस्ताद ओरडत होता. सगळ्यांच्या नजरा वहिनींवर. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. आमच्या ओळीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई अगदी हळू म्हणाली, "पळ रे भाऊ, पळ."

काका खुर्चीत पुढं वाकले. टीव्हीशी ते आजवर कधी बोलले नव्हते.

"आधी नाडी आवळ, बेटा," ते म्हणाले. "मग पळ."