घड्याळजींची नऊ हजार पावलं

घड्याळजींच्या वाढदिवसाला लेक मनगटावर बांधायचं नवं घड्याळ घेऊन आली, तेव्हाच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून बसलेल्या माणसाला, झाकण उघडता येत नाही असलं घड्याळ देणं म्हणजे सरळ अपमानच. शिवाय हे वेळ सांगता सांगता नको त्या चौकश्या करी. छातीचे ठोके मोजी, पावलं मोजी आणि सगळ्या चहाड्या दुसऱ्या गावी लेकीच्या मोबाइलवर पोचवी. रोज आठ हजार पावलं झालीच पाहिजेत, असं बजावून ती गेली.

घड्याळजींचा दिवस डोळ्याला भिंग लावून एका स्टुलावर जाई. पहिल्या दिवशी पावलं भरली सहाशे, त्यातली निम्मी भिंग शोधताना. संध्याकाळी लेकीनं पाऊण तास फोनवर झापलं. तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. बायको सकाळपासून घरभर भिंगरीसारखी फिरते, तर घड्याळ तिच्याच हाताला बांधायला काय हरकत आहे? "तुमचं आपलं काहीतरीच," असं म्हणत बायकोनं हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी पावलं नऊ हजार दोनशे. लेकीला बापाचं कोण कौतुक! घड्याळजींनीही ते जराही न लाजता पदरात पाडून घेतलं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं.

मग एका दुपारी लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली. ठोके अनियमित पडताहेत, डॉक्टरांना दाखवा, असं घड्याळानं तिला कळवलं होतं. घड्याळजी घाबरले, पण ते लबाडी उघडी पडेल म्हणून. ठोके चुकले असतील तर त्या खेळण्याचेच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं मनगटावरचं घड्याळ हळूच काढून पदराआड लपवलं आणि भाजी निवडायला घेतली. नवऱ्याची अब्रू झाकायची तिला जुनी सवय होती. मग तिघंही दवाखान्यात गेली.

छातीला वायरी चिकटवून काढलेला कागद ठीक निघाला. घड्याळजी खूश झाले. पण पुढे त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं, आणि रोज नऊ हजार पावलं चालणारा हा गृहस्थ चौथ्याच मिनिटाला धापा टाकू लागला. लेक रडकुंडीला आली. एवढा चालणारा माणूस एकाएकी इतका दमतो म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय, असं म्हणून डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घ्यायचं ठरवलं. घड्याळजी शर्टाची बटणं लावू लागले. एक दिवस खाटेवर काढू, पण आता माघार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

डॉक्टर लेकीच्या मोबाइलवरच्या नोंदी वाचत होते. "ठोके तीनदा चुकलेत. तिन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमारास."

घड्याळजींचा हात बटणावरच थांबला. कधीतरी, कुठेही चुकणारं घड्याळ धक्क्यानंही चुकत असेल. पण जे दर वेळी एकाच जागी अडखळतं, त्यात खरा दोष असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि अकराला ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीचा जिना कोण चढतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "घड्याळ माझ्या हातात नव्हतं. हिच्या हातात होतं."

लेक बापाकडे बघतच राहिली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "घड्याळ शंका घेऊ शकतं," ते म्हणाले, "पण ते कुणाच्या हातात आहे हे त्याला कळत नाही. या बाई, तुम्ही झोपा इथे."

या खेपेला कागदावरच्या रेघा वेड्यावाकड्या आल्या. वेळेत कळलंय, गोळ्या नेमानं घेतल्या तर आटोक्यात राहील, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, धडधड होते का कधी?

"होते ना. वर्ष झालं असेल. गच्चीवर जरा टेकलं की थांबते."

"आई, मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी?" ती उठून पदर सारखा करत म्हणाली. "या घड्याळानं विचारलं, तेही ह्यांची तब्येत समजून."