विधवेचे भोपळे

अमेरिकेचा कायदा शिकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

वकिली शिकलो नाही, पण चाळीस वर्षं कीर्तनं ऐकलीत. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात कथा. कायद्यात तरी दुसरं काय? आधी नियम, मग खटला!

हे मी दोहात, अल नस्रच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, शेजारच्या डग्लसला छाती ठोकून सांगितलं. मी रंगनाथ, शिपिंग कंपनीत टायपिस्ट. डग्लस वसईचा, हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. त्याची मुलगी जोस्लीन इथल्या अमेरिकन कॉलेजात शिकते. 'अमेरिकन कायद्याची मूलतत्त्वं' या विषयात एकदा आपटलेली. तोंडी परीक्षेत पुन्हा आपटली की कॉलेज खलास, पोरगी वसईला परत!

"रंगनाथभाऊ, वाचवा!" डग्लस म्हणाला.

तिच्या पुस्तकातला खटला अगदीच कोरडा. एकाचा बैल मोडक्या कुंपणातून शेजारणीच्या मळ्यात शिरला आणि भोपळे खाऊन आला. भरपाई कोणाची? बस्स! यावर कोण रडणार?

मी शेजारणीला विधवा केलं. भोपळे लेकीच्या लग्नासाठी राखलेले केले. शेवटी बैलाला पश्चात्ताप झाला, त्यावर झांजा वाजवून साकी म्हटली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या रुकैयाभाभी सांदणांचं ताट घेऊन हजर! "भाऊ, त्या बिचारीच्या मुलीचं लग्न झालं का हो?"

"अंकल, प्लीज! पुस्तकात विधवा कुठेय?" जोस्लीन कळवळली.

"पोरी, पुस्तकात हाडं असतात. मांस बुवानं भरायचं!"

तिसऱ्या दिवशी खोलीत अकरा श्रोते. नियम कोणालाच आठवेना, साकी सगळ्यांना पाठ!

परीक्षेच्या दिवशी मी आणि डग्लस दाराबाहेर देवाचा धावा करत उभे. आतून जोस्लीनचा आवाज आला, "सर, ती विधवा..."

"कोणती विधवा?" प्रोफेसर गरजले.

डग्लसनं क्रूसाची खूण केली. मी विठ्ठलाला हाक मारली.

तेवढ्यात जोस्लीन म्हणाली, "सॉरी सर, विधवा काढा. लग्न काढा. बैलाचं रडणं काढा. उरलं कुंपण. ते मोडकं आहे हे मालकाला माहीत होतं, तरी त्यानं ते दुरुस्त केलं नाही. म्हणून भरपाई त्याची!"

आतून टाळी!

"निकालाला लागत नाही ते बाजूला काढ, हेच मी वर्षभर घसा कोरडा करून सांगतो," प्रोफेसर म्हणाले. "तुझा इतका सराव कोणी घेतला?"

मी तत्काळ आत शिरलो. झांजा खिशातच होत्या!

आता दर बुधवारी त्यांच्या वर्गात माझं आख्यान असतं, आणि शेवटी मुलं अनावश्यक गोष्टींची यादी करतात. परवा एकीच्या वहीत मी हळूच डोकावलो. यादीत पहिल्या नंबरवर विधवा असणार, अशी माझी खात्री होती.

पहिल्या नंबरवर लिहिलं होतं, रंगनाथ अंकल!