रामजन्म आणि वाकडा मोती

रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी कीर्तनकार देवदत्तबुवांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि पुतणीला विचारलं, "मुक्ता, बोरोक म्हणजे काय गं?"

"बरोक, काका! युरोपातली कलाशैली. कोण म्हणालं?"

"शेजारचे बंगाली अनिमेषबाबू. म्हणाले, 'बुवाजी, आपके कीर्तन में बोरोक बहुत है!'"

अनिमेषबाबू विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवायचे. चित्रकला शिकणाऱ्या मुक्ताला मग शंकाच उरली नाही. "मूळ शब्द पोर्तुगीज, काका. अर्थ वाकडातिकडा मोती. नक्षीचा फार अतिरेक झाला की लोक नाक मुरडून म्हणायचे, हे बरोक!"

बुवांचा चेहरा पडला. तीस वर्षं रामरायापुढे गायलो, आणि शेवटी वाकडा मोती! "उद्या एक तान जास्तीची घेणार नाही," ते म्हणाले.

घाटावरच्या मंदिरात रामजन्म बाराच्या ठोक्याला व्हायचा. दहाला कीर्तन उभं राहिलं. बुवांनी ताना गाळल्या, दृष्टान्त गाळले, 'बरं का' तर ओठांशी आलं की गिळलं. दशरथाची तिन्ही लग्नं एका वाक्यात उरकली. यज्ञ झाला, पायस वाटलं, कौसल्येला कळा सुरू झाल्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा.

पुजारी विष्णू गुरुजी गुलाल घेऊन धावले. "अहो बुवा, जरा रुका! बाराला सव्वा तास आहे अजून!"

"आता कळा कशा थांबवू, गुरुजी?"

एवढ्यात पुढ्यात बसलेल्या अनिमेषबाबूंनी हात वर केला. "बुवाजी, आज आप वो बोले ही नहीं? हर बात के बाद बोलते हैं न, बोरोंक, बोरोंक! उसका मतलब क्या होता है?"

मुक्ताने कपाळावर हात मारून घेतला. बुवांचा चेहरा उजळला.

"बरं का!" ते गरजले. तबलजी दचकून सरळ बसला. "बरं का मंडळी, कळा सोसता सोसता कौसल्यामाई विचारतेय, माझ्या बाळाच्या गळ्यात मोती कुठला घालायचा? सोनारानं गोल मोत्यांची रास ओतली. माई म्हणाली, 'छे! ज्याला कुणी माळेत घेत नाही, तो वाकडा मोती आणा!' निघाला हो कोळी समुद्रावर..."

एकेका लाटेवर बुवांनी चार चार ताना घेतल्या. बायका डोळे पुसू लागल्या. बारा वाजले. सव्वाबारा झाले.

मुक्ता घड्याळाकडे बोट दाखवत पुढे आली. "गुरुजी, पाळणा!"

"चूप बैस गं," मुठीतला गुलाल तसाच धरून गुरुजी म्हणाले, "आधी तो मोती तर वर येऊ दे."