हेल्पलाइनवर भाऊसाहेब

"कर खात्याचा बाप आला तरी माझ्या रिटर्नमध्ये चूक काढू शकणार नाही," असं भाऊसाहेब दर वर्षी म्हणायचे आणि ऐकणारे मान डोलवायचे. शाळेत पगाराचं काम पाहणारे हे लिपिक सगळ्या शिक्षकांचे रिटर्न फुकट भरून देत. बदल्यात त्यांची बोलणी तेवढी खायची. चित्रकलेच्या सरांनी सुट्टीतल्या क्लासची फी लपवली, तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांना चारचौघांत असं काही झापलं की सर पुढे कितीतरी दिवस मागच्या दाराने ये-जा करत होते. भाऊसाहेबांच्या शब्दाला शाळेत किंमत होती. तेवढी एक गोष्ट सोडली तर त्यांच्याकडे किमती असं दुसरं काही नव्हतंच.

आता खरं सांगायचं तर त्यांचंही बाहेर एक काम होतं. आवाज भारदस्त, त्यामुळे एका कंपनीच्या कपाटाएवढ्या खोलीत माइकसमोर बसून ते रेकॉर्डिंगसाठी कागदावरचा मजकूर वाचून येत. कधी अख्खी वाक्यं, कधी नुसते तुकडे. 'आपले', 'कृपया', 'राहिले आहे'. हे तुकडे पुढे कुठे जोडले जातात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कंपनीचे पैसेही कधी रिटर्नमध्ये चढले नाहीत.

"अहो, हे दाखवायला नको का?" बायकोने एकदा टोकलं होतं.

"एवढंसं तर आहे. आणि कळणार कोणाला?"

यंदा संगीताच्या बाईंचा रिटर्न वेबसाइटवर अडकून बसला. भाऊसाहेबांनी ऐटीत कर खात्याच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"नमस्कार," फोन म्हणाला. "आपण आपले सर्व उत्पन्न जाहीर केले आहे का?"

आवाज भाऊसाहेबांचाच होता. वाचलं त्या दिवशी सर्दी झाली होती, ती सर्दीसुद्धा त्यात होती.

"थोडासा तुमच्यासारखा वाटतो," बाई कान देऊन म्हणाल्या. "पण हा माणूस प्रेमाने विचारतोय."

"लाइन खराब आहे," म्हणत भाऊसाहेबांनी फोन आपटला.

संध्याकाळी घरी पोचले, तर बायको दारातच उभी. हातात चालू फोन, चेहरा पांढराफटक. ती एकदा फोनकडे बघे, एकदा नवऱ्याकडे.

"तुम्ही इथे आहात?"

"मग कुठे असणार?"

"फोनवर आहात. मी विचारलं, घरी कधी येताय, तर म्हणालात, विहित मुदतीत."

भाऊसाहेबांनी फोन कानाला लावला.

"आपले... इतर उत्पन्न... सांगायचे... राहिले आहे."

हे वाक्य ते जन्मात कधी बोलले नव्हते. शब्द मात्र एकूण एक त्यांचे. आणि दोन शब्दांमधल्या फटीत पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. तो श्वासही त्यांचाच होता. ते मटकन खाली बसले.

"घाबरता काय असे? आठवण करून द्यायला सगळ्यांनाच करत असतील हा फोन," बायको पाणी देत म्हणाली.

"सगळ्यांना दुसरं कोणीतरी सांगतंय गं. मला मीच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत कोणाशी धड बोलले नाहीत. तोंड उघडलं की आपणच बोलतोय ना, अशी शंका यायची. शेवटी मधल्या सुट्टीत त्यांनी ऑफिसचं दार लोटलं आणि हेल्पलाइनला फोन लावला. तो आवाज कानाला लावायची हिंमत होईना, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला आणि दाराकडे पाठ करून बसले.

"आपली अडचण स्पष्ट शब्दांत सांगा."

भाऊसाहेबांनी सांगितली. कंपनी सांगितली, खोली सांगितली, बायकोने टोकलं होतं तेही सांगितलं. इतकी वर्षं जे दाखवलं नाही ते सगळं भरायचंय, म्हणाले. "त्या चित्रकलेच्या सरांना मी सगळ्यांसमोर बोललो ना, तेव्हाही माझ्या खिशात कंपनीचा चेक होता. मला लाज वाटते हो."

तेवढ्यात मागे दार करकरलं. भाऊसाहेबांनी वळून पाहिलं. आपापले कागद घेऊन रिटर्न भरून घ्यायला आलेला सगळा शिक्षकवर्ग दारात उभा होता.

"क्षमस्व," भाऊसाहेबांचा आवाज टेबलावरून म्हणाला. "आपला आवाज ओळखता आला नाही. कृपया पुन्हा, मोठ्याने सांगा."

चित्रकलेचे सर पुढे आले, खुर्ची ओढून समोर बसले.

"सांगा ना, भाऊसाहेब," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "मलाही सुरुवातीचं नीट ऐकू आलं नाही."