सबनीस वकिलांची हद्द

सबनीस काकांकडे कुठलीही तक्रार घेऊन जा, ते आधी विचारतात, "प्रतिवादी राहतो कुठे?" तक्रार काय आहे, ते नंतर. नाशिकला त्यांनी उभी हयात दिवाणी वकिली केली. आता ते जर्मनीत एश्बॉर्नला आमच्या शेजारी, मुलीकडे, मंजिरीकडे राहतात.

काकांचं म्हणणं असं, की बाहेरगावच्या माणसाला आपल्या कोर्टात ओढायचं तर त्याच्यावर अधिकार लागतो. तो इथे राहत असेल किंवा भानगड इथे घडली असेल, तरच. हा नियम ते घरातही लावतात. इथे रविवारी आवाज चालत नाही. एका रविवारी दाणे कुटण्याच्या आवाजावर वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्रेमर चिडल्या आणि त्यांनी काकांना वर बोलावलं. काका जाईनात. खलबत्ता खालचा, कुटणारा खालचा, तेव्हा दाद खालीच मागावी लागेल, असा निरोप त्यांनी माझ्याकडून जर्मनमध्ये पाठवला. बाई तणतणत खाली आल्या. काकांनी त्यांना खुर्ची दिली, समोर दाण्याचा लाडू ठेवला आणि सुनावणी सुरू केली. हल्ली कूट शनिवारी होतं, आणि लाडू झाले की वर जातात.

अडलं होतं ते हॅम्बर्गपाशी. त्यांचा मुलगा निखिल तिथे इंजिनिअर आहे. त्याने आंके या जर्मन मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा काकांनी नाशिकच्या घरात त्याला नको नको ते सुनावलं आणि लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. निखिलचं एकच म्हणणं होतं, बाबांनी इथे यावं, मला समोरासमोर बोलायचंय. काकांचंही एकच. घटना नाशिकची, मी राहतो एश्बॉर्नला, हॅम्बर्गचा माझ्यावर अधिकार काय? मंजिरी दोघांपुढे हात टेकून बसली होती.

गेल्या मार्चमध्ये मी ऑफिसच्या कामासाठी हॅम्बर्गला निघालो, तर एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर काका उभे. कानटोपी, हातात पिशवी, पिशवीत डबा. "मीही येतोय," म्हणाले. "मंजिरीला सांगितलंय."

पुढे हॅम्बर्गच्या गाडीत बसलो. मग म्हणाले, "बाहेरचा प्रतिवादी आपण होऊन कोर्टात हजर झाला आणि त्यानं सुरुवातीलाच हरकत घेतली नाही, की त्या कोर्टाला अधिकार मिळतो. पक्षकाराला मी हेच बजावायचो. आधी हरकत, मग नमस्कार."

"मग तुम्ही घेणार हरकत?"

त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "आंकेला बेसनाचे लाडू आवडतात म्हणे," एवढंच म्हणाले.

माझं काम दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून मीच त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. दार निखिलने उघडलं. मी निघू लागलो, तर काकांनी माझी बाही धरून ठेवली. निखिल उभ्या उभ्याच बोलू लागला. बरीच वर्षं साठलेलं होतं. काका मान खाली घालून ऐकत होते, त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबा, लग्नात पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवली होती. कुणाला बसू दिलं नाही मी तिच्यावर."

"मंजिरीनं फोटो दाखवला होता," काका म्हणाले. "तो बघितल्यापासून तर इथे यायची जास्तच लाज वाटायला लागली. चुकलं माझं, निखिल."

निखिल पाणी आणतो म्हणून आत गेला आणि लवकर आलाच नाही. आत नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

आंके दाराशी उभी होती. मराठी तिला कळलं नव्हतं, पण चेहरे कळले होते. काकांनी मला हळूच विचारलं, जर्मनमध्ये 'जेवलीस का' कसं म्हणायचं? मी सांगितलं. त्यांनी ते मनाशी पुटपुटून पाहिलं, डबा पुढे धरला आणि एकेक शब्द सोडवत म्हणाले, "हास्ट डू शोन गेगेसन?"

दुपार कलली होती. ती नक्कीच जेवलेली असणार. आंकेने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग नकारार्थी मान हलवून म्हणाली, "नाइन, बाबा," आणि ताटल्या काढायला वळली.