तळाशी ताटली

दरवर्षी मे महिना संपता संपता सरनाईक काका स्वतःच्या स्विमिंग पूलमध्ये जेवणाची ताटली बुडवतात.

लहान मुलाची पितळी ताटली आहे. मागे नखाएवढ्या अक्षरांत नाव घातलेलं. ती खोल बाजूला पालथी सोडायची आणि काठावर पोटावर झोपून, चष्मा पुसून, खाली बघायचं. नाव वाचता आलं तर पोरांना पूल मोकळा. नाही तर ठरलेलं वाक्य : "पाणी अजून तयार नाही."

कुणाचं नाव, हे मी कधी विचारलं नाही. आपल्याकडे भांड्यांवर नावं असतातच.

काका इथल्या नोव्हाय गावाजवळच्या एका मोटार कंपनीत ब्रेक तपासतात. स्वभावही तोच. स्वतःला पोहता येत नाही, हे आमच्या सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक. घराबरोबर पूल आला म्हणून सांभाळतात.

माझं म्हणाल तर मी या देशात एका सूटकेसवर आलो, आज माझी दोन गॅरेजं आहेत. लेबलवरच्या किमतीला मी आजवर काही घेतलेलं नाही. पण या माणसापुढे माझं काही चालत नाही.

"काका, पाणी निवळायला पोरांनी चार दिवस थांबायचं म्हणजे फार होतं. एक करा."

"चार."

"बरं, दोन. तुमचंही राहू दे, माझंही."

"पाण्याशी घासाघीस कर. मला काय सांगतोस?"

पूलवरचं हिवाळ्याचं कव्हर ओढायला मात्र मीच लागतो. वर कुजका पाला, काळं पाणी, एखादा मेलेला बेडूक. कंबर माझी, सूचना त्यांच्या. आणि तीन वर्षं माझीच पोरं खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या कुंपणापासून परत फिरली होती. हे मी विसरलो नव्हतो.

चौथ्या वर्षी माझ्या नीनाचा नववा वाढदिवस नेमका पूल उघडायच्या रविवारी आला. काकांनी शब्द दिला होता. शुक्रवारी फिल्टरचा पंप बंद पडला आणि रविवारी पाणी ताकासारखं दिसत होतं. कुंपणाशी बारा मुलं उभी.

"बाबा, आर वी गोइंग इन ऑर नॉट?" नीना रडकुंडीला आली होती.

काका पोटावरून उठले. "पाणी अजून तयार नाही."

माझं डोकं फिरलं. "क्लोरीन घातलंय, सगळं घातलंय! काय होतं ते बघाच आता," असं म्हणून मी अंगावरच्या कपड्यांनिशी खोल बाजूला उडी मारली. ती ताटली घेऊनच वर यायचं, हे ठरवून.

खाली स्वतःचा हात दिसत नव्हता. तळ चाचपत राहिलो. ताटली लागली तेव्हा छाती फुटायला आली होती.

वर आलो, तर काका पाण्यात. बूट, पँट, मनगटावर घड्याळ. गळ्यापर्यंत पाणी, एका हाताने काठ घट्ट धरलेला आणि दुसऱ्या हातातला जाळीचा लांब दांडा ते माझ्या दिशेने पाण्यात फिरवत होते.

"प्रकाश! प्रकाश!"

"अहो काका, इथे आहे मी!"

त्यांनी माझी कॉलर पकडली ती सोडेनात.

"दिसत नव्हतास रे," ते म्हणाले.

मी ताटली उलटी केली. 'चि. अनंत.'

"माझा धाकटा भाऊ," काका म्हणाले. "विहिरीला गढूळ पाणी होतं. आम्ही सगळे काठावरून बघत होतो. तो तिथेच होता. कुणाला दिसला नाही."

कुंपणापलीकडून नीनाने पुन्हा विचारलं, "बाबा?"

"पाणी अजून तयार नाही," मी ओरडलो. "घरी चला, अंगणात स्प्रिंकलर लावतो, त्यात भिजा."

क्लोरीनने माझा नवा शर्ट गेला, तो राग अजून आहे.

बुधवारी कामावरून येताना काकांकडे गेलो. ते काठावर पोटावर झोपले होते. मीही शेजारी झोपलो.

"दिसतंय का रे?"

"'अनं' दिसतंय. 'त' नाही."

"मग उद्या."

"उद्या," मी म्हणालो. घासाघीस केली नाही.